सूचनेपुरती जागा

जाहिरातीतला कुत्रा नेमका बिस्किटाकडे बघतो, पोपट नेमकी मालकिणीच्या खांद्यावरच मान डोलावतो, ससा गालिच्यावरून सरळ रेषेत उड्या मारत जातो. हे सगळं आपण चहा पिता पिता बघतो आणि विसरून जातो. त्या मुक्या जिवांना तेव्हाच तिकडं बघायची बुद्धी कशी झाली, असा प्रश्न कुणाला पडत नाही, आणि पडायचं कारणही नाही. पण प्रत्येक वेळी त्या चौकटीच्या अगदी कडेला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा एक माणूस गुडघ्यांवर बसलेला असतो. एका मुठीत खाऊ, दुसऱ्या हाताच्या खुणा, आणि ओठांचा चंबू करून काढलेला बारीक आवाज. आपल्या गोष्टीतला माणूस तो.

सेटवर त्याला सगळे मामा म्हणत. खरं तर त्याला बहीण नव्हती, त्यामुळे हक्काचा भाचा जगात एकही नव्हता, पण दिवे उचलणाऱ्यांपासून दिग्दर्शिकेपर्यंत सगळ्यांचा तो मामा. आधी तो एका जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. इंजेक्शनच्या वेळी भलेभले कुत्रे त्याच्या हाताखाली लोण्यासारखे मऊ व्हायचे. एकदा जाहिरातवाल्यांचा कुत्रा उपचाराला आला, त्यांनी मामाचा हात बघितला आणि त्यालाच उचलून नेलं म्हणा ना. तेव्हापासून हाच धंदा.

या धंद्यात त्याचं नाव होतं ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे मामाच्या तोंडात 'नाही' हा शब्द नव्हता. मांजर पाण्यात बसवायचंय? बघू, होईल. बकरी जिना चढून आली पाहिजे? येईल की. या होकारापायी त्यानं किती रविवार घालवले आणि हातावर किती चावे सोसले, त्याचा हिशेब नाही. बायको म्हणायची, तुमच्या जिभेला 'हो'चीच सवय लागलीय, उद्या कुणी तुम्हालाच पट्टा बांधतो म्हटलं तरी मान पुढे कराल. दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा चालू असताना मामा कधी, म्हणजे कधीच, चौकटीत पाऊल टाकायचा नाही. जनावर बिथरलं, खुर्ची पडली, काहीही झालं तरी दिग्दर्शिकेनं 'कट' म्हटल्याशिवाय जनावरवाल्यानं पुढं यायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. मामाच्या अंगात तो इतका मुरला होता की घरीसुद्धा कुणी फोटो काढायला लागलं की तो आपोआप बाजूला सरकायचा. त्यामुळे त्याच्या संसाराचे फोटो पुष्कळ आणि त्यात तो जवळजवळ कुठंच नाही.

संसार म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बायको, ढब्बू आणि ठमी. मूलबाळ झालं नाही. सुरुवातीची वर्षं दोघांनी ते मनाला लावून घेतलं, मग हळूहळू बोलणंच सोडून दिलं. बायको इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी राहून तिचे पाय सुजायचे. संध्याकाळी घरी येऊन ती पाय उशीवर ठेवून टीव्हीसमोर बसली की ढब्बू पायाशी आणि ठमी पोटावर, ही त्या घरातली ठरलेली बैठक होती.

ढब्बू हा मामाचा कुत्रा. तपकिरी, अवाढव्य, आळशी, आणि सेटवर पाऊल ठेवलं की मात्र एकदम शहाणा. ठमी बायकोची. लाँड्रीच्या मागं, गरम पाण्याच्या पाइपाखाली, डोळेसुद्धा न उघडलेलं मांजराचं पिल्लू तिला सापडलं होतं. कुणी म्हणालं जगायचं नाही. बायकोनं पदराखाली घालून ते घरी आणलं, ड्रॉपरनं दूध पाजलं, कितीतरी रात्री उशाशी घेऊन झोपली आणि जगवलं. अंग सगळं करडं, पोट तेवढं पांढरंशुभ्र. तळहाताच्या फोडासारखं जपलं तिनं त्या मांजराला. ठमी मोठी झाली आणि तिनं ढब्बूला दत्तक घेतलं, असंच म्हणायला हवं. रोज तो आडवा झाला की ही त्याच्या पाठीला टेकून बसायची आणि त्याचे कान, मान, गळा असं पद्धतशीर चाटून काढायची. ढब्बू डोळे मिटून, अपराध्यासारखा, निमूट पडून राहायचा. ते बघून बायको म्हणायची, बघा, याला आंघोळ घालायचा तुमचा साबण फुकट जातो.

लग्नाच्या बायकोनं मामाला आयुष्यात एकच अट घातली होती. ढब्बूला कुठं न्यायचं तिथं न्या, ठमी कामाला जाणार नाही. मामानं ती पाळलीही.

मग ती गोचिडांच्या औषधाची जाहिरात आली. कुत्र्याच्या मानेवर नळीतून चार थेंब सोडायचे की पिसवा आणि गोचीड पळाले, असं ते औषध. कंपनीला शेवटी एक घरगुती चित्र हवं होतं. खिडकीतून ऊन येतंय, गालिच्यावर कुत्रा झोपलाय, त्याला टेकून मांजर झोपलंय, घर कसं निवांत आहे. आता भाड्यानं आणलेलं मांजर परक्या कुत्र्याला टेकून झोपेल का? ते पडद्यावर चढून बसेल. दिग्दर्शिकेनं मामाच्या फोनमध्ये ढब्बू आणि ठमीचा फोटो कधीतरी बघितला होता. तिनं बरोबर तोच धागा पकडला. मामा, तुमच्या घरातच आहे की आपला शॉट.

मामा हो म्हणून आला. घरी सांगितल्यावर बायकोनं ठमीला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, ती कधी या इमारतीबाहेर गेलेली नाही. मामानं समजूत घातली. अगं, दुपारपर्यंतचं काम आहे, ढब्बू सोबत आहे, मी आहे, तुला टीव्हीवर दिसेल ती, जन्मभर राहील. ते 'जन्मभर राहील' बायकोला कुठंतरी भिडलं असावं. तिनं टोपलीत आपली जुनी ओढणी अंथरली आणि ठमीला आत ठेवताना मामाकडे बघून म्हणाली, "जशी नेताय तशी आणून द्या."

"देतो," मामा म्हणाला.

आता मामाला काही कळत नव्हतं असं कुणी समजू नये. तेच तर दुखणं आहे. कुत्र्याला चालणारं ते औषध मांजराला विष असतं, हे त्याला दवाखान्यापासून माहीत होतं. असल्या जाहिरातींत तो नळ्या रिकाम्या करून त्यात पाणी आणि ग्लिसरीन भरायचा, म्हणजे कितीही टेक झाले तरी जनावराला त्रास नाही. इथंही तसंच भरून नेलं होतं. पण त्या सेटवर कंपनीच्या साहेबांच्या शेजारी कायद्याचं बघणारी एक बाई बसली होती. सर्दीनं नाक लाल झालेलं, हातात रुमाल, स्वभावानं गरीब. ती म्हणाली की थेंब कातडीवर कसे पसरतात ते आपण जवळून दाखवतोय, तिथं दाखवलेलं औषध खरंच असायला हवं, नाहीतर ती लोकांची फसवणूक होईल. तिचं काय चुकलं? काहीच नाही. मामानंही मग नीट आखणी केली. ठमीचे सगळे शॉट सकाळी उरकून घ्यायचे, तिला टोपलीत घालून आतल्या खोलीत ठेवायचं, दार लावायचं, आणि त्यानंतरच ढब्बूच्या मानेवर खरे थेंब.

आणि झालंही अगदी तसंच. सकाळी ठमीनं अशी काही झोप काढली की सेटवर सगळे कुजबुजत बोलायला लागले. मग ती टोपलीत गेली, दार लागलं, ढब्बूच्या मानेवर खरं औषध पडलं, कॅमेऱ्यानं ते जवळून टिपलं. मामा सामान आवरायला लागला होता.

तेवढ्यात कायद्याच्या बाईंनी सकाळचा शॉट मॉनिटरवर बघायला मागितला. शेवटच्या चित्राखाली सूचना द्यायची होती, नियमच तसा. पांढऱ्या अक्षरांत, वाचता येईल अशी. आणि नेमकं जिथं ती अक्षरं यायची तिथं ठमीचं पांढरं पोट पसरलं होतं. पांढऱ्यावर पांढरं, काय दिसणार कपाळ! दिग्दर्शिका म्हणाली, खाली काळी पट्टी टाकू. साहेब म्हणाले, छे, काळी पट्टी म्हणजे कुणी गेल्याची बातमी वाटते. मग एकच मार्ग राहिला. कॅमेरा जरा मागं घ्यायचा, जनावरं जरा वर सरकवायची, खाली सूचनेपुरता मोकळा गालिचा सोडायचा आणि शॉट पुन्हा घ्यायचा.

ती सूचना काय होती, हे सांगायलाच हवं. मांजरांना दूर ठेवा, ही ती सूचना. ती नीट दिसावी म्हणून मांजराला पुन्हा आणायचं होतं. त्या खोलीत एवढी शहाणी माणसं होती, एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. मामाच्या आलं.

तो म्हणाला, थेंब लावलेत, आज नको, उद्या घेऊ. जागा उद्या दुसऱ्यांना दिलेली होती. बरं, मग ढब्बूला साबणानं धुतो, वाळवतो. दिग्दर्शिकेनं खिडकीकडे बोट दाखवलं. ऊन गालिच्यावरून भिंतीकडे चाललं होतं, वाळेपर्यंत ते गेलं असतं. पुसून घ्या ना मामा, एकच टेक. कायद्याच्या बाईंनी रुमालाआडून हळूच म्हटलं की लावल्यावर दूर ठेवावं असं आपणच लिहितोय ना. त्यावर साहेब हसले. रागावले असते तर मामाला बरं पडलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "अहो, ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी. इथं मामा आहेत की."

सगळे मामाकडे बघायला लागले. वर्षानुवर्षं ज्या तोंडाला 'हो'ची सवय, त्या तोंडानं त्या दिवशी तेवढं एकदा 'नाही' म्हणायचं होतं. एकच दोन अक्षरी शब्द. सेट उठला असता, साहेब चिडले असते, पुढच्या कामाला दुसरा कुणी आला असता. आकाश कोसळलं नसतं. पण इथं मामा आहेत की, हे ऐकून माणसाचा ऊर जरा भरून येतो, आणि त्या भरात शब्द गिळला जातो. मामानं ओल्या फडक्यानं ढब्बूची मान खसाखसा पुसली, मग कोरड्यानं पुसली, मग हुंगून बघितली. मनाशी म्हणाला, नुसती टेकून बसेल, 'कट' म्हटलं की उचलतो.

ठमीला आणलं. तिनं जागा हुंगली, एक फेरी मारली, ढब्बूच्या पाठीला टेकून बसली. खाली हवा तेवढा गालिचा मोकळा. मामा चौकटीच्या कडेला गुडघ्यांवर. कॅमेरा सुरू झाला. आणि ठमीनं मान वळवली, ढब्बूचा कान हुंगला, आणि घरी रोज करायची तसं त्याची मान चाटायला लागली.

मामानं हातातला खाऊ टाकला. तो अर्धा उठला. दिग्दर्शिकेनं डोळे मॉनिटरवरून न काढता हात वर केला, थांब म्हणून, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की विचारू नका. इतकं खरं, इतकं गोड काही तिला कधी मिळालं नव्हतं. आणि मामा थांबला. एक पाऊल टाकायचं होतं हो. हात लांब केला असता तरी ठमी हातात आली असती. पण कॅमेरा चालू होता, आणि कॅमेरा चालू असताना चौकटीत जायचं नसतं. त्याचे पाय जागचे हललेच नाहीत. तो बघत राहिला, ठमी चाटत राहिली, आणि जेव्हा 'कट' झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानं ठमीचं तोंड ओल्या कापसानं पुसलं, जीभ पुसली, टोपलीत घातली आणि घर गाठलं. तोपर्यंत काही दिसत नव्हतं. बायकोनं टोपली उघडली, ठमी उडी मारून बाहेर आली, बायकोनं मामाच्या दंडाला कधी नव्हे तो मिठीसारखा हात लावला. जशी नेली तशी आणली होती ना त्यानं. त्यानंही स्वतःला तेच सांगितलं.

दिवेलागणीला ठमीचा एक कान थरथरायला लागला. मग पाठीची कातडी. मग तोंडातून लाळ. बायको म्हणाली, अहो, हिला थंडी वाजतेय का? मामा टॉवेल आणायला धावला. दोघांनी ठमीला टॉवेलात गुंडाळून त्याच्याच जुन्या दवाखान्यात नेलं. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आता एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बघता बघताच विचारलं, "कुत्र्याचं औषध लागलंय का हिला? गोचिडांचे थेंब, असं काही?"

बायको टेबलाच्या पलीकडे उभी होती, ठमीच्या डोक्यावर हात ठेवून. ती मामाकडे बघत होती.

"नाही," मामा म्हणाला.

आयुष्यभर ज्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही, त्याच्या तोंडून तो निघाला तो असा, इथं. डॉक्टरीण मग दुसरं काहीबाही विचारत बसली, उंदराचं औषध, घरातलं फिनेल, झाडांवरची फवारणी. त्याप्रमाणे उपाय सुरू केले. ठमीचे झटके वाढत चालले. अर्ध्या तासानं बायको पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा मामानं डॉक्टरणीच्या कानात खरं सांगितलं. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं. रागावली नाही की बोलली नाही, पटकन हातमोजे चढवले, ठमीला साबणाच्या कोमट पाण्यानं धुतलं, झटक्यांचं इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ठमी गेली. आधी सांगितलं असतं तर वाचली असती का, हे मामानं विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, सांगता येत नाही. ती चांगली बाई होती म्हणून असं म्हणाली, हे मामाला कळलं.

बायकोला एवढंच कळलं की काहीतरी विषारी पोटात गेलं. जाहिरातीतल्या नळ्यांत मामा पाणीच भरतो हे तिला माहीत होतं, त्यामुळे तिचा संशय त्या दिवसावर गेलाच नाही. दुःखाला कुणीतरी चोर लागतोच. खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहायची, बायकोची एकुलती एक मैत्रीण. तिनं त्याच आठवड्यात कपाटामागं उंदरांच्या गोळ्या टाकल्या होत्या, आणि ठमी कधीतरी गॅलरीच्या गजांतून तिच्याकडे उतरायची. झालं. बायकोच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ती शिवणवाली रडत वर आली, शपथा घेतल्या, गोळ्या मोजून दाखवते म्हणाली. बायकोनं दार उघडं ठेवून, उंबऱ्यात उभी राहून, शांतपणे तिला सांगितलं की यापुढं आपलं बोलणं नाही. मामा आत, पंख्याखाली बसून सगळं ऐकत होता. तोंडातून ब्र काढला नाही. त्या दिवसापासून जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे बघायची आणि दुसरी पायऱ्यांकडे.

मामानं एक करून बघितलं. जाहिरातवाल्यांच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, तेवढा शॉट काढून टाका, सकाळचा वापरा. दिग्दर्शिकेला वाटलं तो लाजतोय. मामा, तोच तर जीव आहे सगळ्या जाहिरातीचा! मग तो कायद्याच्या बाईंकडे गेला आणि तिला मात्र ठमी गेल्याचं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं वरच्या लोकांशी बोलून बघितलं असावं, कारण दोन दिवसांनी तिचा फोन आला. अक्षरं नियमात लिहिलीत तेवढी मोठी आहेत, नियमात लिहिलाय तेवढा वेळ पडद्यावर राहतात, त्यामुळे आता काही करता येत नाही, असं तिनं सांगितलं. आणि फोन ठेवला.

आणि एका संध्याकाळी बातम्यांच्या मध्ये ती जाहिरात लागली.

बायको किंचाळलीच. अहो, या, लवकर या, आपली ठमी! मामा स्वयंपाकघरातून येईपर्यंत ती टीव्हीच्या काचेला हात लावून उभी होती. काचेमागं ऊन, गालिचा, ढब्बू, आणि ठमी जिवंत, मान वाकवून, मन लावून ढब्बूला चाटतेय. ठमी गेल्यानंतर बायको हसली ती तेव्हा पहिल्यांदा. म्हणाली, तुम्ही म्हणाला होतात ना, जन्मभर राहील. मामाला आपण मेलो असतो तर बरं असं वाटलं.

मग ती रोजची बैठक झाली. लाँड्रीतून आली की पाय उशीवर, नजर टीव्हीवर. लाँड्रीतल्या सगळ्या बायकांना तिनं वेळ सांगून ठेवली. जाहिरात लागायची वेळ झाली की मामा पाणी भरायला उठायचा, वाळलेले कपडे काढायला गॅलरीत जायचा, नसलेलं काम काढायचा. कारण त्याला ठमी दिसायचीच नाही. त्याला दिसायची खालची पांढरी ओळ. एवढीशी अक्षरं, आली आली म्हणेपर्यंत गेली. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच वाचता येतील अशी. मोकळ्या गालिच्यावर त्याला मात्र अगदी स्वच्छ उठून दिसायची ती.

असे कितीतरी दिवस गेले. बायकोला ती जाहिरात तोंडपाठ झाली. ठमी कधी कान हलवते, ढब्बू कधी एक डोळा उघडतो, सगळं. आणि माणूस एखादी गोष्ट इतक्यांदा प्रेमानं बघायला लागला की त्याची नजर कडेकडेनंही फिरायला लागते.

त्या संध्याकाळी मामाला उठायला उशीर झाला. तो मोजा घालत होता आणि जाहिरात लागली.

"अहो," बायको म्हणाली, "हे खाली रोज काय लिहितात? तिच्या पायांखाली. मला चष्म्यातूनही अक्षर लागत नाही."

मामा काहीही सांगू शकला असता. कंपनीचा पत्ता आहे, म्हणाला असता तरी तिनं विश्वास ठेवला असता. तिनं त्याच्यावर कायम विश्वासच तर ठेवला होता. ओळ केव्हाच पडद्यावरून गेली होती, पण त्याला ती बघायची गरज नव्हती. तो मोजा हातात धरून, जमिनीकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "फक्त कुत्र्यांसाठी. मांजरांना लावू नये. औषध लावलेल्या कुत्र्यापासून मांजरांना दूर ठेवावे."

टीव्हीवर दुसरी जाहिरात सुरू झाली, कुठल्यातरी रंगाची. बायकोनं उशीवरचे पाय खाली घेतले. एवढ्या वेळा बघितलेलं चित्र तिनं डोळ्यांपुढं परत एकदा पूर्ण बघितलं असणार, ढब्बूची ओलसर मान आणि त्यावर ठमीची जीभ. मामानं मग राहिलेलं सगळं सांगून टाकलं. खरे थेंब, फडकं, साहेबांचं हसणं, दिग्दर्शिकेचा वर झालेला हात आणि आपले न हललेले पाय. एकही गोष्ट स्वतःच्या बाजूनं सांगितली नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "डॉक्टरणीनं हेच विचारलं होतं. मी तिथंच उभी होते."

"हो."

"तुम्ही माझ्याकडे बघून नाही म्हणालात."

"हो," मामा म्हणाला. आता तेवढाच शब्द त्याच्याकडे उरला होता.

ती रडेल, भांडेल, काहीतरी फेकेल असं त्याला वाटलं, आणि तसं झालं असतं तर त्यानं ते सगळं अंगावर घेतलं असतं. पण ती उठली, केस सारखे केले, चपला शोधल्या. कुठं निघालीस, असं त्यानं विचारलं. खाली, ती म्हणाली. तिची माफी मागायला. मामा म्हणाला, मीही येतो, चूक माझी आहे. तिनं नको म्हटलं, अगदी साधेपणानं, भाजी नको म्हणावं तसं.

दाराच्या कडीला हात लावून ती थांबली. पाठमोरीच होती.

"ते औषध कडू असतं का हो?"

मामाला खोटं बोलवेना. "असतं. फार कडू असतं."

"म्हणजे तिला लागलं असणार कडू. तरी ती चाटत राहिली." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. "त्याच्या अंगाला काहीतरी वाईट लागलंय, म्हणून ती काढून टाकत होती."

तिनं दार उघडलं. ढब्बू उठून तिच्यामागं गेला आणि तिनं त्याला जाऊ दिलं. जिन्यात तिच्या चपलांचा आणि त्याच्या नखांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग शिवणवालीचं दार वाजलं. मामा एका पायात मोजा घालून तिथंच बसून राहिला. टीव्हीवर बातम्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.